उशिरा येणाऱ्यांच्या पायऱ्या

अंबरपेठच्या मैदानावर पहिल्यांदाच फुटबॉल बघायला आलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. बाबांनो, बसायच्या पायऱ्या अशा गोलच्या मागं कुणी बांधल्या? सगळीकडं लोक मैदानाच्या लांब बाजूला बसतात, दोन्ही गोल बघतात. इथं पन्नास-पंचावन्न वर्षं हजारभर माणसं एका गोलकीपरची पाठ बघत बसली आहेत आणि कुणाला त्यात वावगं वाटलेलं नाही. जुन्या लोकांना विचारावं तर ते नुसते हसतात आणि शेंगदाण्याची पुडी पुढं करतात.

निशिगंधाला या प्रश्नाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एक म्हातारी हवी होती, आणि तीही गुरुवारी संध्याकाळच्या आत.

त्याचं असं झालं. लोकमित्र शिक्षण मंडळाच्या हैदराबादेत चार शाळा. गौलीगुडा, कोठी, अंबरपेठ आणि एक सिकंदराबादेत. मैदान मात्र चौघींत मिळून एकच, अंबरपेठचं. यंदा तिथं नवी हिरवळ लावली, दिवे बसवले, पायऱ्यांवर पत्रा घातला आणि डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी उद्घाटनाचा सामना ठरला. आता या मैदानाची एक जुनी रीत आहे. मोसमातला पहिला सामना ज्या संघाचा, त्या संघाचा सगळ्यात जुना खेळाडू मैदानाच्या मधोमध जातो, आपलं नाव आणि खेळल्याचं साल मोठ्यानं सांगतो, आणि हातातला बॉल पोरांकडं टाकतो. याला मानाचा बॉल म्हणतात. ज्या संघाला मानाचा बॉल मिळाला, त्यालाच त्या मोसमात मैदानावर सरावाची वेळ मिळते. ज्याला नाही मिळाला, त्यानं शाळेच्या सिमेंटच्या अंगणात गुडघे फोडून घ्यावेत.

निशिगंधाच्या पोरी तीन वर्षं तेच करत होत्या. ती अठ्ठावीस वर्षांची, मंडळाच्या मुलींच्या संघाची कोच, दर वर्षी नव्या करारावर. तिच्या अठरा पोरींनी सिमेंटवर सराव करून शहराचा आंतरशालेय करंडक आणला. मुलांच्या संघाला सहा वर्षांत तो लांबूनसुद्धा दिसला नव्हता. कॅप्टन रसिका दहावीत होती. तिच्यासारख्या अकरा जणी यंदा शाळा सोडून जाणार होत्या. या मोसमात मैदान मिळालं नाही, तर त्यांना त्या हिरवळीवर पाय न टेकवताच जावं लागणार होतं. म्हणून निशिगंधानं रीतसर अर्ज केला, की उद्घाटनाचा सामना मुलींना द्यावा.

मंडळाचे अध्यक्ष नामदेवराव. वय पंचाहत्तर, गौलीगुड्यात बी-बियाण्यांचं पिढीजात दुकान, आणि तरुणपणी याच मैदानाचे नामांकित गोलकीपर. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, पोरींचं कौतुक केलं आणि मग हळूच विचारलं, "खेळू दे की पोरींना. पण मानाचा बॉल टाकणार कोण?"

इथंच घोडं पेंड खात होतं. मुलींचा संघ तीन वर्षांचा. त्याची सगळ्यात जुनी खेळाडू मागच्याच साली बारावी झाली होती आणि सध्या नेलपॉलिशचे व्हिडिओ टाकत होती. रीतीप्रमाणं माणूस निदान तीस वर्षं जुना लागतो. निशिगंधा म्हणाली, शोधते. खजिनदार दिलीपराव हसले. म्हणाले, बेटा, या मैदानावर मुलींना पाऊलच टाकू देत नव्हते, तू शोधणार कुठून? सचिव कुसुमताईंनी मात्र मान वर न करता सांगितलं, की निमंत्रणपत्रिका कोठीच्या छापखान्यात गुरुवारी संध्याकाळी जाईल, तोवर पहिल्या सामन्याची ओळ कोरी ठेवते.

दिवस होता सोमवार.

जुनं काही शोधायचं तर अंबाजीकडं जावं लागतं, हे अंबरपेठच्या शाळेत बालवाडीतलं पोरही सांगेल. अंबाजी मैदानाचा जुना माळी. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण पायऱ्यांखालच्या खोलीची किल्ली त्यानं कुणाला दिली नव्हती आणि मागायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यानं निशिगंधाचं सगळं ऐकून घेतलं, कुलूप काढलं आणि दोन लोखंडी कपाटं दाखवली. एकात संघाच्या रोजनिशा होत्या. दुसऱ्यात कापडी पुठ्ठ्याच्या जाडजूड वह्या, एकावर एक रचलेल्या, अकरा.

"या कशाच्या, अंकल?"

"त्या उशिराच्या वह्या. त्यात काय बघतीस? पण हे मैदान समजून घ्यायचं असलं तर त्याच बघाव्या लागतात."

मग अंबाजीनं तिला मैदानाची गोष्ट सांगितली. जुनी माणसं ज्यावर नुसती हसतात, तीच ही गोष्ट.

साठ साली मंडळाला ही जागा मिळाली. मंडळ चालवणारे सगळे परभणी-नांदेड-बिदरकडचे शेतकरी. निजामाचं राज्य गेल्यावर शहरात येऊन कुणी दुकान टाकलेलं, कुणी सरकारी कचेरीत चिकटलेलं, पण डोकं अजून बांधावरच. त्यांनी जागा बघितली. तांबडा मुरूम, खडबडीत, पाणी टाकावं तर घटकेत गडप. फुटबॉलला याहून चांगली जमीन देवानं केली नाही. पण या मंडळींचे चेहरे उतरले. असल्या बरड रानात आपली पोरं खेळणार? लोक काय म्हणतील? हौसेला मोल नसतं म्हणतात. त्यांनी बिदरकडून काळी माती आणली, चांगली पाणीदार, कसदार, कापसाची. तीनशे लॉऱ्या. अर्धा फूट थर दिला, बैल लावून रूळ फिरवला आणि त्या काळ्याभोर मैदानाकडं बघून एकेकाचे डोळे भरून आले.

श्रावणात पहिला सामना झाला. पोरांचे पाय घोट्यापर्यंत रुतले. बॉल जिथं पडेल तिथंच बसून राही. दीड तासात दोन्ही गोलकीपरांना बॉलचं दर्शन झालं नाही. मे महिन्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि कोठीच्या शाळेच्या एका पोराचा पाय त्यात मोडला. शेतकऱ्यांनी रान केलं होतं, मैदान केलं नव्हतं. ती माती काढायला हवी हे सगळ्यांना कळत होतं, पण पुन्हा तीनशे लॉऱ्या लावायची ऐपत कुणाची नव्हती.

तेव्हा अंबरपेठच्या शाळेला एक हेडमास्तर होते. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी एक नियम काढला. नऊच्या घंटेनंतर जो शाळेत येईल, त्यानं मैदानावरची पाच घमेली काळी माती उचलायची आणि पूर्वेकडच्या गोलमागं नेऊन टाकायची. वहीत तारीख, नाव, इयत्ता आणि उशिराचं कारण स्वतःच्या हातानं लिहायचं. मगच वर्गात. गोलमागं अशासाठी, की तिकडं नाला होता आणि दर सामन्यात एक तरी बॉल त्यात जाई. निदान मातीला अडेल.

"आठ वर्षं लागली बेटा," अंबाजी म्हणाला. "रोजची पंधरा-सोळा पोरं. मी पण त्यातलाच. आम्ही थरावर थर टाकत गेलो, मधी मुरूम, वरती चुना, धुमुसानं ठोकायचं. खालचा मुरूम उघडा पडला आणि इकडं टेकडी झाली. मग तिला टप्पे पाडून शहाबादी फरशी लावली. त्या या पायऱ्या. आत्ता तू नि मी त्याच्या पोटात उभे आहोत."

निशिगंधानं भिंतीला हात लावला. भिंत गार होती. तिनं मोबाइल काढून हिशेब मांडला, रोजची सोळा पोरं, पाच-पाच घमेली, वर्षाचे सव्वादोनशे दिवस, आठ वर्षं. एक लाख चव्वेचाळीस हजार घमेली. तिनं आकडा पुसला आणि पुन्हा केला. तोच आला. थेंबे थेंबे तळे साचे हे तिनं शाळेत घोकलं होतं, पण असलं तळं तिनं कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. हजार माणसं टाळ्या पिटत बसतात, ती सगळी उशिरा आलेल्या पोरांच्या डोक्यावरून उतरलेल्या मातीवर. या मैदानावर कुठं कुणाच्या नावाची पाटी नव्हती. असती तरी एवढी नावं मावली नसती.

"अंकल, मुली पण उचलायच्या?"

"हौ. मुलींना मैदानावर बंदी होती. त्यांची लेझीम अंगणात. पण शिक्षेला कुठला आला मुलगा नि मुलगी?"

निशिगंधानं पहिली वही उघडली.

तिचं मराठी घरातलं, बोलण्यापुरतं. शाळा इंग्रजी माध्यमाची. जोडाक्षर आलं की तिचं बोट थांबायचं आणि ओठ हलायचे. पहिल्या दिवशी तासाला चार पानं झाली. पण कारणांची गोडी लागली. 'दूध घालायला गेलो होतो.' 'पेपर टाकत होतो.' 'नळाला पाणी नव्हते.' 'आई कामाला गेली, भावाला धरून बसले.' 'म्हैस सुटली.' 'म्हैस सापडली नाही.' तिसऱ्याच दिवशी 'म्हैस सापडली.' वाचता वाचता तिच्या ध्यानात आलं, की चांगल्या घरची पोरं या वहीत फारशी नव्हतीच. ज्यांना सकाळी घरी काम होतं, त्यांनीच हे मैदान मोकळं केलं होतं. ही गोष्ट मोठ्या सरांच्या ध्यानात आली होती की नाही, कोण जाणे.

मंगळवारी दुपारी तिला एक नाव पुन्हा पुन्हा भेटायला लागलं. विमला श्रीपती, इयत्ता पाचवी. सोमवारी उशीर, मंगळवारी उशीर, बुधवारी उशीर. पुढच्या वहीत इयत्ता सहावी, रोज उशीर. अक्षर गोल होत गेलं, कारणं थकत गेली. चप्पल तुटली. ताप आला. ताप गेला. शेवटी शेवटी नुसतं 'उशीर झाला.' पाचवी ते दहावी, त्रेसष्ट ते एकोणसत्तर. निशिगंधानं बाकीची नावं सोडून हिचे सगळे दिवस मोजले. एक हजार एकशे बारा.

एवढी आळशी पोरगी जगात असू शकते? अंबाजीला विचारलं तर तो म्हणाला, हौ, होती खरी, मोठे सर तिला 'घंटेची वैरीण' म्हणायचे. तिच्या बापाला पण एकदा बोलावून चार लोकांत सुनावलं होतं.

निशिगंधाला मात्र चैन पडेना. खेळाडू शोधणं बाजूला राहिलं आणि ती या पोरीच्याच मागं लागली. मधूनमधून काही दिवस विमलाचं नाव वहीत नसे. चार दिवस, पाच दिवस, एकदा सलग आठ. आजारी असेल म्हणावं, तर शाळेच्या जुन्या हजेरीपटात त्या दिवशी ती हजर, आणि वेळेवर. बुधवारी सकाळी सहज म्हणून तिनं संघाची रोजनिशी शेजारी उघडली. संघाचा सराव रोज आठ ते दहा, म्हणजे घंटेनंतरचा तासभर उशिराची पोरं मैदानावर असताना संघही मैदानावरच असे. पासष्ट सालच्या ऑगस्टचं पान. 'संघ सिकंदराबादला, पाच दिवस.' वहीत त्या पाच दिवसांत विमला नाही. 'संघ नांदेडला, आठ दिवस.' विमला नाही. 'पावसामुळे सराव बंद.' विमला नाही. 'सराव पुन्हा सुरू.' विमला श्रीपती, इयत्ता सातवी, कारण: उशीर झाला.

सहा वर्षांत सराव असेल त्याच दिवशी ही पोरगी उशिरा आली होती. एकदाही चुकली नव्हती. मैदानावर जायचा मुलीला एकच रस्ता होता, तो तिनं अकराव्या वर्षी शोधला आणि पाच घमेली भाडं भरून रोज वापरला. निशिगंधानं वही मिटली आणि अंबाजीला विमलाचा ठावठिकाणा विचारला.

विमलाबाई सापडायला अर्धा तास लागला. अंबरपेठेतच, मार्केटमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. कोठीच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, वय बहात्तर, मुलगा पुण्याला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, टीव्हीवर आवाज बंद करून लावलेला कुठल्यातरी परदेशी क्लबांचा सामना. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. निशिगंधा शाळेकडून आली म्हटल्यावर त्यांना वाटलं वर्गणी असेल. तिनं वह्यांचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, माय, होते मी आळशी. मग निशिगंधानं सिकंदराबादचे पाच दिवस सांगितले, नांदेडचे आठ सांगितले, पावसाचे सांगितले. विमलाबाईंचा शेंगेवरचा हात थांबला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मॅम. वहीतच आहे."

"माझ्या बापाला कळलं नाही हे. नवऱ्याला कळलं नाही. आणि तू कोण कुठली पोरगी येऊन सांगतीस?"

त्या रागावल्या असं निशिगंधाला वाटलं, पण त्यांचे डोळे भरले होते. मग त्या बोलायला लागल्या. त्यांचा बाप श्रीपती, हिंगोलीकडून आलेला, आझमाबादेला कारखान्यात. पोरगी शिकलीच पाहिजे म्हणून साडेआठलाच तिला घरातून काढायचा. ती पावणेनऊला शाळेशी पोचायची आणि मागच्या भिंतीआड चिंचेखाली बसून राहायची. घंटा वाजून थांबली की उठायचं, गल्लीच्या टोकापर्यंत पळत जायचं, पळत परत यायचं, म्हणजे दम लागलेला दिसावा. मग वही, मग घमेलं, मग मैदान. पाच घमेली ती तासभर पुरवायची. बापाला बोलावून सुनावलं त्या दिवशी तो तिला एक शब्द बोलला नाही, नुसता जेवला नाही. तेव्हा सांगून टाकावंसं वाटलं होतं. पण सांगितलं असतं तर मैदान सुटलं असतं. शाळेच्या दाखल्यावर 'नियमितपणा: असमाधानकारक' असा शेरा बसला आणि त्यापायी नर्सिंगला एक वर्ष फुकट गेलं.

निशिगंधानं आपलं काम सांगितलं. गुरुवारची मुदत, रसिका, सिमेंट, मानाचा बॉल. मग जरा घुटमळून म्हणाली, की तुम्ही एखादा सामना खेळलात एवढं फक्त सांगा. साठ वर्षांपूर्वीचं कोण बघायला जातंय?

"नाही बाई. मी खोटं एकाच गोष्टीत बोलले, ते पण कारणाच्या रकान्यात. आता नाही बोलणार. येते मी. जे आहे ते सांगते, त्यात तुझं काम झालं तर झालं."

निशिगंधाला रात्रभर झोप लागली नाही असं म्हणतात तसलं काही झालं नाही. ती गाढ झोपली, कारण तिनं आशाच सोडली होती.

गुरुवारी चार वाजता गौलीगुड्याच्या कचेरीत बैठक भरली. नामदेवराव, दिलीपराव, कुसुमताई, आणि दारापाशी हात बांधून अंबाजी. निशिगंधानं वह्या आणि रोजनिशा टेबलावर मांडल्या आणि विमलाबाईंना खुर्ची दिली. दिलीपरावांनी घसा साफ केला.

"तुम्ही या मैदानावर किती सामने खेळलात, बाई?"

"एक पण नाही."

कुसुमताईंनी पेनचं टोपण लावलं. दिलीपराव निशिगंधाकडं बघून म्हणाले, की मग या बाईंना उन्हातून कशाला आणलंस. निशिगंधा वह्या उघडून दाखवायला लागली, सराव आणि उशीर, उशीर आणि सराव. दिलीपराव म्हणाले, ते सगळं ठीक, पण बघणं वेगळं नि खेळणं वेगळं. आपण सगळेच बघतो. रीत ती रीत.

नामदेवरावांनी पासष्टची रोजनिशी पुढं ओढली, तिच्यात आपलं नाव बघितलं, आणि विमलाबाईंना विचारलं, "पासष्टला मी गोलमध्ये होतो. तुम्ही म्हणता रोज यायचात. मग मला कशा आठवत नाहीत?"

"तुमची माझ्याकडं पाठ होती," विमलाबाई म्हणाल्या. "मी टेकडीपाशी, तुमच्या मागं. चार वर्षं मी तुमची पाठच बघितली. तुम्ही आधीच डावीकडं झुकायचात. समोरच्यानं पाय उचलायच्या आधी. डावीकडचा बॉल तुम्ही झक्कास धरायचात, पण उजवीकडचा सुटायचा. मला लई सांगावंसं वाटायचं, की जरा थांबा, घाई करू नका."

नामदेवरावांनी चष्मा काढला.

"सदुसष्टची फायनल मला काही बघायला मिळाली नाही," त्या पुढं म्हणाल्या. "सामन्याला मुलींना येऊ देत नव्हते. दुसऱ्या दिवशी कळलं, पेनल्टीवर हरले. मी तेव्हाच म्हटलं, गोल उजवीकडून झाला असणार."

तो गोल उजवीकडूनच झाला होता. मैदानावरच्या वारा-पावसाचं निमित्त सांगून नामदेवरावांनी ही गोष्ट आयुष्यभर टाळली होती. संघातल्या कुणाला, कोचलासुद्धा त्यांची ती खोड कळली नव्हती. ती त्यांना स्वतःला कळली ती विसाव्या वर्षी, खेळ सुटल्यावर, दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या. आणि या बाईंना ती बाराव्या वर्षी, डोक्यावर घमेलं घेऊन, पाठीमागून दिसली होती. निशिगंधा स्वतः कोच होती. पोरींची असली खोड ओळखायला तिला व्हिडिओ तीनतीनदा मागं घ्यावा लागे.

"उजवीकडचे सुटलेले बॉल," नामदेवराव हळूहळू म्हणाले, जणू स्वतःशीच, "ते मागं जायचे. आणि परत यायचे. मी हात मागं केला की बॉल पायाशी. मला वाटायचं, टेकडीला आपटून येतो."

"रोजची ताजी, सुटी माती होती ती, नामदेवराव. तिच्यात बॉल रुततो. आपटून येत नाही."

अंबाजीनं दारातच कपाळाला हात लावला. कुसुमताईंनी मान वर केली. नामदेवरावांच्या डोळ्यांपुढं काय चाललं होतं ते निशिगंधाला दिसत नव्हतं, पण त्यांचा उजवा हात टेबलाखाली जरासा मागं गेला आणि तसाच राहिला.

"रोज किती?" त्यांनी विचारलं.

"पंधरा-वीस. कधी जास्ती. शिक्षक बघत नसले की घमेलं खाली ठेवायचं आणि बॉल पायानं परत द्यायचा. अनवाणीच. हातानं उचलायला गेलं की कुणाच्या तरी नजरेत यायचं."

दिलीपराव पुन्हा म्हणाले, की हे सगळं आश्चर्य खरं, पण सामना म्हणून बघितलं तर एकही नाही. नामदेवरावांनी त्यांना मधेच थांबवलं.

"दिलीपराव, मी शाळेकडून एकोणीस सामने खेळलो. गोलकीपर, म्हणजे लाथ मारायची वेळ सामन्यात दहा-बारा वेळा. यांनी माझ्यासमोर नाही, माझ्या पाठीमागं, नुसत्या माझ्या चार वर्षांत दहा-पंधरा हजार वेळा या मैदानावर बॉल मारलाय. आणि मैदान मोकळं केलंय ते वेगळंच. मी सात वेळा मानाचा बॉल टाकला, छाती काढून. आता सांगा, माझी लायकी होती का?"

त्यांनी कुसुमताईंकडं वळून सांगितलं, की कोरी ओळ भरा, पहिला सामना मुलींचा. आणि पुढं लिहा, मानाचा बॉल, विमलाबाई श्रीपती, ज्येष्ठ खेळाडू, सन त्रेसष्ट ते एकोणसत्तर. कुसुमताईंनी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर ते दोनदा वाचलं आणि कागद स्वतःच छापखान्यात न्यायला उठल्या.

निशिगंधाला रसिकाला फोन करायचा होता. तिनं मोबाइल काढला. विमलाबाईंनी तिच्या दंडाला धरलं आणि त्या जायला निघाल्या. दारात नामदेवराव काठी टेकत त्यांच्या मागं आले. एवढा मोठा माणूस, चार शाळांचा अध्यक्ष, उंबऱ्यापाशी उभा राहिला.

"विमलाबाई," ते म्हणाले, "एकदा तरी हाक मारायची होती. मी वळून बघितलं असतं."

विमलाबाई चपला घालत होत्या. त्यांनी पट्टा नीट केला, पदर खांद्यावर घेतला आणि मगच वर बघितलं.

"हाक मारली असती, तर दुसऱ्या दिवसापासून मला वेळेवर यावं लागलं असतं."